चाळणे आणि शोधणे : खाजगी ग्रंथसंग्रहाचे बदलते रूप

मराठीत पीठ चाळतात आणि पुस्तकही चाळतात. पीठ चाळताना काय खाली पडावे आणि काय वर राहावे हे छिद्रांच्या आकाराने आधीच ठरलेले असते. पुस्तके चाळताना मात्र छिद्रांचा आकार वाचकाच्या त्या वेळच्या मनःस्थितीने ठरतो आणि चाळता चाळताच तो बदलतो. शोधणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे ते ठाऊक असते. चाळणाऱ्याला ते बहुधा चाळून झाल्यावर कळते. साहित्यसमीक्षेने या पूर्ववाचनाचा विचार क्वचितच केला. संहिता हाती आल्यानंतर वाचक तिचे काय करतो, याची चर्चा गेल्या अर्धशतकात पुष्कळ झाली. ती हाती कशी आली आणि हाती येताना तिच्या शेजारी कोण उभे होते, हा प्रश्न ग्रंथपालांचा म्हणून सोडून देण्यात आला. खाजगी ग्रंथसंग्रह भिंतीवरून उतरून क्लाउडवर गेला आहे आणि तो चाळण्याची जागा मोबाइलचा पडदा झाली आहे. आता हा प्रश्न ग्रंथपालांकडे सोपवता येत नाही, कारण अशा संग्रहाला ग्रंथपालच नाही.

या बदलाचे तांत्रिक स्वरूप समीक्षकाने नीट समजून घ्यायला हवे, कारण खरी मेख तेथेच आहे. ई-पुस्तकांचा खाजगी संग्रह राखणारे जगभरचे अनेक वाचक ‘कॅलिबर’ ही मुक्त आज्ञावली वापरतात. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये, सोनी कंपनीचे वाचनयंत्र बाजारात आले त्या सुमारास, तिची सुरुवात वेगळ्या नावाने केली. या आज्ञावलीने उभा केलेला संग्रह आतून अगदी साधा असतो. प्रत्येक लेखकाच्या नावाचा एक फोल्डर, त्यात प्रत्येक पुस्तकाचा एक, त्या फोल्डरात पुस्तकाची फाइल, मुखपृष्ठाचे चित्र आणि पुस्तकाविषयीची नोंद. आणि या सर्वांच्या मुळाशी संपूर्ण संग्रहाची एकत्रित सूची असलेली एक फाइल. हे सगळे ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हसारख्या सेवेत ठेवले की मोबाइलवरून पाहता येते. पाहण्याच्या दोन वाटा आहेत. एक, फोल्डर उघडत जाणे. दुसरी, ती एकत्रित सूची तेवढी फोनवर उतरवून घेऊन एखाद्या अॅपमध्ये मुखपृष्ठांच्या रांगा पाहणे. हजारो पुस्तकांच्या संग्रहाचीही सूची जेमतेम काही मेगाबाइटांची असते. ती झटकन हाती येते. पुस्तके मात्र दूर, आपापल्या जागी राहतात. बोट ठेवल्यावर त्यांपैकी एखादे खाली उतरते.

म्हणजे मोबाइलवर संग्रह चाळणारा वाचक वस्तुतः पुस्तके चाळत नाही, नोंदी चाळतो. कागदी संग्रहात सूची ही ग्रंथांची सावली होती, आणि घरगुती संग्रहात तर ती बहुधा नसेच. येथे सूची हाच संग्रह होतो. जे सूचीत नाही ते संग्रहात असूनही नाही, आणि सूचीत जे चुकीचे आहे ते चुकीच्याच जागी सापडते, किंबहुना सापडतच नाही.

घरातल्या कपाटातल्या पुस्तकांचा क्रम निरर्थक कधीच नसतो, अव्यवस्थित असला तरी. उंचीमुळे शेजारी आलेली, एकाच प्रवासात घेतलेली, एकाच भांडणाच्या वेळी वाचलेली पुस्तके एकमेकांना काही सांगत असतात. वाक्यात शब्द ज्या नात्याने शेजारी बसतात ते विन्यासाचे नाते, आणि एका शब्दाच्या जागी जे दुसरे येऊ शकले असते त्यांच्याशी असलेले ते साहचर्याचे नाते, हा सोस्यूरप्रणीत भेद येथे लावून पाहण्यासारखा आहे. कपाट हे वाक्य आहे. मालकाने ते वर्षानुवर्षे रचलेले असते आणि त्यात विन्यास असतो. फोनवरची यादी लेखकानुसार लावा, शीर्षकानुसार लावा, तारखेनुसार लावा. ती क्षणात बदलते आणि कोणताच क्रम तिचा स्वतःचा नसतो. ती शब्दकोशासारखी आहे. कोशातही सगळे शब्द असतात, पण कोश काही म्हणत नाही.

आबी वारबुर्ग या कलेतिहासकाराने हांबुर्गमधील आपल्या संग्रहात हा विन्यास जाणीवपूर्वक घडवला होता. १९३३ मध्ये नाझींच्या काळात लंडनला हलवला गेलेला हा संग्रह ‘चांगल्या शेजाऱ्या’च्या तत्त्वासाठी प्रसिद्ध आहे. वाचकाला हवे असलेले पुस्तक माहीत असते. त्याला ज्याची खरी गरज असते ते मात्र त्याला माहीत नसलेले, शेजारचे पुस्तक असते, असे ते तत्त्व. विचारांना नवे वळण मिळाले की वारबुर्ग पुस्तके पुन्हा हलवी. त्याच्या संग्रहाचा क्रम हा अशा रीतीने त्याच्या लेखनाचाच भाग होता. वाल्टर बेन्यामिनने १९३१ मध्ये खोक्यांतून आपली पुस्तके बाहेर काढण्यावर जो निबंध लिहिला, त्यातही पुस्तकांच्या आशयापेक्षा ती कोठून, कशी आली याच्या आठवणींना अधिक स्थान आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

योगायोग असा, की त्याच १९३१ साली मद्रासहून शि. रा. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे सांगते आणि चौथे वाचकाचा वेळ वाचवा असे बजावते. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमांत ही सूत्रे एकामागोमाग पाठ केली जातात, त्यामुळे त्यांच्यातील ताण नजरेतून सुटतो. तिसऱ्या सूत्रासाठी रंगनाथन मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ देण्याचा, आग्रह धरतात. कपाटातील मांडणी कशी असावी याचे त्यांनी पुढे दिलेले वर्णनही सुंदर आहे. ग्रहणाच्या परिभाषेत ते सांगतात, की वाचकाच्या विषयाची गडद प्रच्छाया मध्यभागी असावी, तिच्या दोन्ही बाजूंना संबंधित विषयांची उपच्छाया आणि त्यापलीकडे परका प्रदेश. वाचक एका परक्या प्रदेशातून येतो, उपच्छायेतून गडद भागात शिरतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. हे चालणे आहे. यात वेळ जातो, आणि तो जावा अशीच योजना आहे.

मोबाइलवरील शोधपट्टी ही चौथ्या सूत्राची परमावधी आहे. नावाची दोन अक्षरे टाकताच पुस्तक पुढे येते. उपच्छाया नाही, परका प्रदेश नाही. नुसता गडद ठिपका. या उणिवेची जाणीव आज्ञावली रचणाऱ्यांनाही झाली असावी, कारण संग्रहातील कोणतेही एक पुस्तक यदृच्छेने उचलून देण्याची सोय कॅलिबरमध्ये आहे. पण यदृच्छा म्हणजे शेजार नव्हे. कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाचा हात चुकून शेजारच्या पुस्तकावर पडतो, तेव्हा त्या चुकीला एक इतिहास असतो. फासे टाकून आलेल्या पुस्तकाला तो नसतो.

एवढ्यावर थांबणे मात्र स्मरणरंजन ठरेल. कपाटाची भिंत सगळ्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. डॉ. आंबेडकरांनी दादरला राजगृह बांधताना पुस्तकांसाठी जागा हा घराच्या रचनेचाच हेतू ठेवला, आणि ती गोष्ट आजही सांगितली जाते, कारण ती अपवादात्मक होती. मुंबईतल्या एका खोलीत संसार करणाऱ्या वाचकाची पुस्तके पलंगाखालच्या पेटीत होती आणि परदेशी गेलेल्या मराठी वाचकाची गावाकडच्या माळ्यावर. या वाचकांनी काही गमावलेले नाही. त्यांना संग्रह प्रथमच हाती मिळाला आहे. तेव्हा प्रश्न कपाट श्रेष्ठ की पडदा, असा मांडण्यात अर्थ नाही. पडद्यावरच्या संग्रहाचे वाक्य कोण रचतो, आणि कोणत्या भाषेत, हा खरा प्रश्न आहे.

मराठी संग्रहाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर काहीसे विनोदी आणि बरेचसे अस्वस्थ करणारे आहे. लेखकाचे नाव यादीत कोठे लावायचे हे ठरवण्याचा कॅलिबरचा मूळ नियम असा, की नावातील शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे आणावा. नावापुढच्या-मागच्या उपाध्या वगळण्याची सोय आहे, पण त्या उपाध्या इंग्रजी आहेत. परिणामी साने गुरुजी ‘गुरुजी, साने’ होऊन ग च्या ओळीत जाऊन बसतात. ‘तुकाराम महाराज’ अशी नोंद असेल तर तुकाराम म मध्ये सापडतात, आणि इतर संतांसह ‘महाराज’ आडनावाचे एक नवेच घराणे संग्रहात उदयाला येते. पु. ल. देशपांडे यांच्या आद्याक्षरांनंतर कोणी टिंब दिले, कोणी नाही, कोणी मध्ये जागा सोडली, कोणी सोडली नाही. तेवढ्यावर एका लेखकाचे तीन-चार लेखक होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन पुस्तके येतात. यादी अक्षरांच्या संगणकीय संकेतांकांनुसार लावली गेली तर ळ हा ल नंतर आणि व च्या आधी येतो. मराठी कोशांत तो ह नंतर येतो. त्यामुळे मराठी वाचक ज्या काळ्यांना काशीकरांच्या नंतर शोधेल ते आधीच येऊन गेलेले असतात.

फोल्डर उघडत जाण्याच्या वाटेवर तर याहून मोठे स्थित्यंतर घडते. संग्रहातील फोल्डरांची आणि फाइलींची नावे ही आज्ञावली इंग्रजी वर्णांतच ठेवते. देवनागरी नावाचे लिप्यंतर ती करते, पण व्यंजनात अंगभूत असलेला ‘अ’ तिला दिसत नाही. ज्या स्वराला चिन्ह आहे तोच तिला ऐकू येतो. ‘कमल’ हे नाव ‘क्म्ल्’ असे तीन व्यंजनांचे उरते. क्लाउडवरील आपला मराठी संग्रह फोनवर उघडणाऱ्या वाचकापुढे जी यादी येते ती अशी अर्ध्यामुर्ध्या स्वरांची, रोमन वर्णांतली असते. जुन्या संगणकप्रणालींत दीर्घ वा अपरिचित अक्षरांची नावे फाइल हरवण्यास कारण होत, म्हणून हा सावध निर्णय घेतला गेला. त्यामागे कोणाचा दुष्टावा नाही. परंतु हेतू निर्दोष असला म्हणून परिणामाचा अर्थ बदलत नाही. आपलाच संग्रह चाळताना वाचकाला आपली भाषा आधी मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावी लागते.

मुखपृष्ठांच्या रांगांची वाट तुलनेने सुखाची, पण तिलाही मराठीत वेगळा अनुभव आहे. झेरार झनेतने १९८७ च्या आपल्या ग्रंथात शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना, अर्पणपत्रिका यांना संहितेचे उंबरठे म्हटले. मोबाइलवर या उंबरठ्यांपैकी शीर्षक आणि मुखपृष्ठ एवढेच उरतात, तेही बोटाच्या पेराएवढे. मराठीतील जुनी पुस्तके बहुतांशी छायांकित पानांच्या पीडीएफ रूपात मिळतात. त्यांचे पहिले पान पुष्कळदा मुखपृष्ठ नसतेच. पुठ्ठ्याची कोरी बांधणी, वाचनालयाचा जांभळा शिक्का, दाखलांक, परतीच्या तारखांचा चिकटवलेला कागद, असे काही असते. अॅप ते पानच मुखपृष्ठ म्हणून दाखवते. अशा दहा-वीस शिक्क्यांची रांग पडद्यावर उभी राहते, तेव्हा कोणते पुस्तक कोणते हे कळत नाही; पण ते कोणत्या सार्वजनिक आयुष्यातून या खाजगी संग्रहात आले हे मात्र लख्ख दिसते. नव्या ई-पुस्तकांच्या चकचकीत चित्रांपेक्षा हा उंबरठा अधिक बोलका आहे, आणि तो तेथे कोणी मुद्दाम ठेवलेला नाही.

अशा पानांत शोध चालत नाही, कारण ती चित्रे आहेत, अक्षरे नव्हेत. म्हणून मराठी संग्रहात सारी भिस्त पुन्हा नोंदीवर येते, आणि नोंद करणारा वाचक स्वतःच असतो. येथेच या नव्या व्यवहाराची सर्जक शक्यता आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९५० पर्यंतच्या मराठी मुद्रित ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा नोंद हे किती जबाबदारीचे काम आहे हे मराठीला कळले होते. तीच जबाबदारी आता, अल्प प्रमाणात का होईना, प्रत्येक संग्राहकावर येऊन पडली आहे. ‘आरती प्रभू’ आणि ‘चिं. त्र्यं. खानोलकर’ या दोन नोंदी ठेवायच्या की एक? दोन ठेवल्या तर कवी आणि कादंबरीकार परस्परांना अनोळखी होतात. एक केली तर लेखकाने स्वतः निवडलेले नामांतर पुसले जाते. सूचीकाराला येथे समीक्षकासारखाच निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय पुढे शंभर वेळा चाळताना त्याच्या वाचनाला वळण लावतो. कॅलिबरमध्ये वाचकाला स्वतःचे रकाने निर्माण करता येतात, आपल्या मनातील विभागांना नावे देता येतात. ज्याने ‘ललित’, ‘वैचारिक’ हे प्रकाशकी विभाग तसेच उचलले त्याचा संग्रह म्हणजे दुकानाची यादी. ज्याने एखादा रकाना ‘कोणाच्या सांगण्यावरून घेतले’ यासाठी ठेवला, किंवा दलित आत्मकथने आणि वऱ्हाडी बोलीतील कादंबऱ्या एका खुणेखाली आणल्या, त्याने विन्यास परत मिळवला.

या दृष्टीने पाहता फोनवरच्या संग्रहाचा पूर्वज कपाट नाही. त्याचा पूर्वज बाड आहे. मराठीत मुद्रणापूर्वी, आणि नंतरही काही काळ, अभंग, पदे, आर्या, आरत्या, क्वचित औषधांचे पाठ एकाच वहीत उतरवून घेण्याची रीत होती. बाड हे सोबत नेता येणारे खाजगी ग्रंथालयच होते. त्यात काय यावे हे उतरवणाऱ्याच्या कष्टाने ठरे, कारण प्रत्येक ओळ हाताने लिहावी लागे. पुढे संपादकांनी पाठनिश्चितीसाठी बाडे तपासली. पण बाडाचा क्रम हा स्वतंत्र संहिता म्हणून क्वचितच वाचला गेला. अमुक अभंगानंतर तमुक लावणी का उतरली, याचा विचार झाला असता तर मराठी वाचकाचा इतिहास वेगळा लिहिता आला असता. क्लाउडवरील संग्रहात मिळवण्याचे कष्ट जवळपास शून्यावर आले आहेत. म्हणूनच निवडीची खूण मिळवण्यात उरलेली नाही. ती नोंदीत गेली आहे. चार हजार पुस्तके सहज जमतात, पण त्यांतील चारशेंची नोंद मनापासून केलेली असेल तर तीच चारशे त्या माणसाची.

अर्थात हे सारे मुक्त फाइलींच्या संग्रहाविषयी म्हणता येते. विकत घेतलेल्या आणि कुलूपबंद आलेल्या ई-पुस्तकांची गोष्ट निराळी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे प्रभृतींनी त्यांचा उलगडा करीपर्यंत ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. पण पंथातल्या वाचकाजवळ किल्ली होती. ई-पुस्तकाच्या कुलपाची किल्ली विकत घेणाऱ्या वाचकाकडेच नसते. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ची, हक्क नसलेल्या विक्रेत्याने विकलेली आवृत्ती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली आणि पैसे परत केले. त्या कादंबरीवर टिपणे काढणाऱ्या एका विद्यार्थ्याची टिपणे उरली, पण ती ज्या पानांना चिकटलेली होती ती पानेच गेली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा पुस्तकांची किंमत परत मिळाली आणि ज्यांनी पुस्तकांत खुणा वा टिपणे केली होती त्यांना वर पंचवीस डॉलर. समासातल्या लेखनाचा इतका नेमका बाजारभाव साहित्याच्या इतिहासात यापूर्वी लागल्याचे दिसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅमेझॉनने विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोयही काढून टाकली. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन आहे. त्या दालनातून घडलेला संग्रहही या नियमांखालीच येतो. असा संग्रह चाळता येतो, पण त्याच्या नोंदी, क्रम आणि शेजार दुकानदाराचे असतात, आणि ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून पुढे येणारा शेजारी चांगला शेजारी असेलच असे नाही.

स्वतः रचलेला, स्वतःच्या नोंदींचा संग्रह या बंधनातून सुटतो, तरी तो ठेवलेला असतो दुसऱ्याच्या जागेत. खाजगी संग्रह मालकामागे वाचण्याची गोष्ट आली की हे प्रकर्षाने जाणवते. दिवंगत लेखकाचे कपाट पाहून त्याच्या वाचनाचा माग काढणे ही चरित्रात्मक समीक्षेची जुनी वाट आहे. पिवळी पडलेली पाने, दुमडलेले कोपरे, पावत्या तेथे साक्षीला असतात. क्लाउडवरच्या संग्रहातील स्वतःचे रकाने आणि नोंदी ही त्याहून स्पष्ट, तारीखवार साक्ष ठरू शकते. मात्र त्यासाठी खाते उघडता आले पाहिजे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, त्यातली पानिपतच्या काळातली पत्रे शतकाहून अधिक काळ दप्तरांतून पडून होती. मधल्या पिढ्यांपैकी कोणी ती वाचली असोत वा नसोत, कागद टिकून राहिले. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार वैयक्तिक खाते सलग दोन वर्षे वापरले गेले नाही तर ते, त्यात ठेवलेल्या सर्व फाइलींसह, काढून टाकले जाऊ शकते.